फॅटी लिव्हर, दिरांनी आणलेलं सिरप आणि हळदीची कॅप्सूल

पत्राचा सारांश: सांगलीजवळच्या गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. मिस्टर ४७ वर्षांचे, पतसंस्थेत नोकरी, उंची पाच फूट सहा इंच, वजन ८४ किलो. तपासणीत सोनोग्राफीवर 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' आलं. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे दोन आकडे, एसजीपीटी ७८ आणि एसजीओटी ५२, प्लेटलेट २ लाख ४० हजार, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, 'सहा-आठ किलो उतरवा आणि तीन महिन्यांनी या' म्हणाले. तेव्हापासून दिरांनी यकृताचं एक सिरप आणून दिलंय, ऑनलाइन मागवलेली हळदीच्या अर्काची कॅप्सूल सुरू आहे, आणि सासूबाई रोज सकाळी गुळवेलीचा काढा देतात. महिना झाला. दिरांच्या मित्राचं एसजीपीटी त्याच सिरपने ९० वरून ५५ वर आलं म्हणे. ताई विचारतात: 'ही औषधं खरंच काम करतात का? करत नसली तरी आयुर्वेदिक आहेत, निदान अपाय तरी नाही ना? मी काही बोलले की डॉक्टरांनी तरी काय दिलं, असं ऐकावं लागतं.'

ताई,

डॉक्टरांनी दिलं आहे. वजन उतरवायला सांगितलं, आणि फॅटी लिव्हरवर आजघडीला सगळ्यात भक्कम पुरावा त्याच उपायाचा आहे. वजन ५ टक्के उतरलं की यकृतातली चरबी कमी व्हायला लागते, ७ ते १० टक्के उतरलं की आतली सूज ओसरते, आणि १० टक्क्यांच्या पुढे सुजेमुळे आधी पडलेले व्रणही (कडक झालेले डाग) काही जणांत मागे हटतात. ८४ किलोच्या माणसासाठी हे आकडे होतात साधारण सव्वाचार, सहा आणि साडेआठ किलो. म्हणजे डॉक्टरांनी 'सहा-आठ' हे काही हवेतून सांगितलेलं नाही. ही चिठ्ठी मेडिकलच्या काउंटरवर ठेवता येत नाही, म्हणून घरात ती औषध वाटत नाही, एवढंच.

आता रिपोर्ट. 'ग्रेड २' ऐकून सगळे घाबरतात, पण ती ग्रेड चरबी किती आहे ते सांगते. यकृतावर व्रण किती पडलेत, हे त्यातून कळत नाही, आणि पुढचा धोका ठरतो तो व्रणांवरून. त्याचा अंदाज घ्यायचं एक साधं गणित आहे, त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने. तुमच्या आकड्यांत ४७ गुणिले ५२ म्हणजे २,४४४. खाली २४० गुणिले ८.८३, म्हणजे साधारण २,१२०. उत्तर १.१५ च्या आसपास. १.३ च्या खाली असेल तर गंभीर व्रणांची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर पोटविकारतज्ज्ञांकडे जायलाच हवं, मधे असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, करून घ्यायचा. (वय ६५ च्या पुढे असेल तर खालची रेघ १.३ ऐवजी २ धरतात.) तुमचे मिस्टर आज सुरक्षित बाजूला आहेत. घाई करून बाटल्या आणण्यासारखी परिस्थिती नाही, आणि दुर्लक्ष करण्यासारखीही नाही, कारण साखर ६.२ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

तुमच्या पत्रात हिपॅटायटिस बी आणि सी, म्हणजे विषाणूंमुळे येणारी यकृताची सूज, यांच्या तपासणीचा उल्लेख नाही. झाली नसेल तर करून घ्या. एसजीपीटी वाढलेलं दिसलं की सगळं खापर चरबीवर फोडायची सवय आहे, पण एकाच माणसाला दोन्ही असू शकतं.

दिरांच्या मित्राच्या आकड्यांबद्दल. एसजीपीटी हा स्थिर आकडा नाही. काही औषध न घेताही तो खालीवर होतो, जिममध्ये जड व्यायाम केल्यावर वाढतो, प्रयोगशाळा बदलली तरी फरक दिसतो. शिवाय माणूस पुन्हा तपासतो तो आकडा चढलेला आला म्हणून, आणि चढलेला आकडा पुढच्या वेळी बऱ्याचदा आपसूकच थोडा खाली येतो. तेव्हा दिरांना भांडणाच्या सुरात नाही, सहज विचारा: सिरप चालू असताना मित्राने आणखी काय काय सोडलं होतं? दारू बंद होती? तळलेलं बंद होतं? वजन किती उतरलं? यकृताचं औषध सहसा पथ्यासकट दिलं जातं. तेल-तूप कमी, दारू नाही, रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं. तीन महिने माणूस हे पाळतो, रिपोर्ट सुधारतो आणि श्रेय बाटलीला जातं. आमचं मत विचाराल तर त्या औषधोपचारातला खरा औषधी भाग पथ्य हाच आहे.

काविळीच्या औषधांचा लौकिकही असाच तयार झाला. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. २०१२ साली शेजारच्या इचलकरंजीत आली ती साथ अशीच पाण्यातून आलेली. अशा वेळी गळ्यात माळ घातली काय आणि नाकात थेंब सोडले काय, दहातले बहुतेक बरे होणारच. नाकातून पिवळं पाणी गळतं ते कावीळ बाहेर पडत असते म्हणून नव्हे, त्या जहाल रसाने नाकाच्या आतलं अस्तर सोलवटतं म्हणून. ज्या साताऱ्यातून डॉ. दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम उभं केलं, त्याच्या शेजारच्या जिल्ह्यात हे अजून सांगावं लागतं! आणि अपवाद जीवघेणा आहे: गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला तर तिला थेट दवाखान्यात न्यायचं, माळेची वाट बघायची नाही.

सिरपकडे येऊ. तुम्ही नाव लिहिलं नाहीत तेच बरं, कारण बहुतेक सिरपांत तीच मंडळी फिरून-फिरून असतात: कुटकी, भुईआवळा, पुनर्नवा, कामोणी, माका, कालमेघ. प्रयोगशाळेत, उंदरांत यांतल्या बहुतेकांचे निकाल उत्साहवर्धक आहेत. माणसांत आल्यावर गाडी अडते. भुईआवळ्याबद्दल १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बीमध्ये मोठा फायदा दिसल्याचं छापलं, जगभर चर्चा झाली. नंतर इतरांनी करून पाहिलं तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. अशाच एका प्रसिद्ध मिश्र गोळीची श्रीलंकेत दारूमुळे यकृत बिघडलेल्या ८० रुग्णांवर सहा महिने चाचणी झाली, २००३ साली निकाल आला: खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा काही वेगळं नाही. परदेशी वनस्पतींत सगळ्यात जास्त तपासलेलं औषध म्हणजे सिलीमारिन. आपल्याकडेही त्याच्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात. २०१२ साली अमेरिकेत हिपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांना ते नेहमीपेक्षा बरंच जास्त, ४२० आणि ७०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, २४ आठवडे दिलं. एसजीपीटीत खोट्या गोळीच्या तुलनेत फरक पडला नाही. फॅटी लिव्हरमध्ये काही लहान अभ्यासांत आकडा थोडा खाली येतो, पण आयुष्य वाढतं किंवा व्रण थांबतात असं पक्कं कुणी दाखवलेलं नाही. अपाय मात्र फार कमी, कधी पोट बिघडतं तेवढंच.

म्हणजे सिरप बहुधा निरुपयोगी आणि बहुधा निरुपद्रवी. त्या दोन 'बहुधां'साठी दर महिन्याला पैसे मोजायचे का, ते तुम्ही ठरवा. फक्त लेबल फिरवून एक गोष्ट बघा: औषध साखरेच्या पाकात आहे का? साखर ६.२ असलेल्या माणसाला दोन वेळा दहा-दहा मिली पाक पाजून यकृत सुधारायचं, हा व्यवहार विचित्र आहे.

खरी काळजी मला त्या कॅप्सूलची आणि काढ्याची वाटते.

हळदीबद्दल सांगलीकरांना शिकवायला जाऊ नये. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि मार्केट यार्डातल्या सौद्यांना त्याआधीपासून देशभर नाव आहे. भाजी-आमटीतली हळद, दुधातली अर्धा चमचा हळद, याने यकृताला काही होत नाही. निर्धास्त वापरा. पण कॅप्सूल म्हणजे हळद नव्हे. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन, म्हणजे तिचा मुख्य घटक, साधारण ३ ते ५ टक्के. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलवर '९५ टक्के' लिहिलेलं असेल तर आत ४७५ मिलिग्रॅम कर्क्युमिन आहे. ४ टक्क्यांच्या हिशोबाने एका कॅप्सूलमध्ये सुमारे १२ ग्रॅम हळद, म्हणजे चार सपाट चहाचे चमचे. दिवसाला दोन घेतल्या तर आठ चमचे. एवढी हळद आपली आजी आठवडाभरात सगळ्या घराला मिळून घालत नसेल.

आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, बहुतेक तसंच बाहेर पडतं. तेच आपलं संरक्षण होतं. कॅप्सूलवाल्यांनी त्यात मिरीतलं पाइपरिन घातलं. १९९८ सालच्या एका प्रयोगात २० मिलिग्रॅम पाइपरिनने कर्क्युमिनचं शोषण वीस पटींनी वाढलेलं दिसलं, आणि जाहिरातीत तीच गोष्ट मोठ्या अक्षरांत छापतात. तेच पाइपरिन यकृतात औषधं मोडणारी यंत्रणाही मंद करतं, त्यामुळे फिट्सच्या किंवा ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांचा अंमल वाढू शकतो. इटलीत अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आलेल्यांची प्रकरणं एवढी झाली की सरकारला सावधगिरीची सूचना काढावी लागली. अमेरिकेतल्या नोंदींतही अशी प्रकरणं आली, आणि त्या रुग्णांत एका ठरावीक जनुकाचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. म्हणजे शंभरातल्या बहुतेकांना काही होणार नाही, ज्याच्या अंगात तो जनुक आहे त्याला धोका जास्त, आणि तो कोण हे आधी कळायचा घरगुती मार्ग नाही. ही कॅप्सूल आजच बंद करा. सावकाश कमी वगैरे करायची गरज नाही.

गुळवेलीबद्दल सासूबाईंचं मन दुखेल, म्हणून जरा तपशीलात सांगते. करोनाच्या काळात घरोघरी काढे उकळले गेले. २०२० च्या अखेरीस मुंबईत सहा रुग्ण असे आले की ज्यांना काविळीसकट यकृताला सूज होती आणि सगळ्यांच्या पोटात गुळवेल होती. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी देशातल्या वेगवेगळ्या शहरांतल्या अशा ४३ रुग्णांची माहिती एकत्र छापली गेली. त्रास सुरू झाला तो काढा सुरू केल्यापासून साधारण दीड महिन्यांनी. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल. तसं काहींच्या बाबतीत झालंही असेल. पण मुंबईच्या डॉक्टरांनी वनस्पती ओळखून घेतली तेव्हा तीही गुळवेलच निघाली होती. कारण समजतं ते असं: गुळवेल प्रतिकारशक्ती चाळवते. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या अवयवांवर उलटण्याच्या बेतात असते, थायरॉइडचा तसा आजार असलेले, घरात तसा आजार असलेले, त्यांच्यात ती यकृतावर घसरते. रोजचा काढा महिनोनमहिने घेण्याचं कारण तुमच्या मिस्टरांना तर मुळीच नाही, कारण चरबी उतरवायला प्रतिकारशक्ती चाळवायची गरजच नाही.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. महिना झालाच आहे, आणि गुळवेलीचा त्रास दिसायचा तोच काळ जवळ येतोय. तिन्ही गोष्टी थांबवा आणि यकृताची पूर्ण तपासणी करून घ्या: एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज. एसजीपीटी आधीच्या दुप्पट, म्हणजे दीडशेच्या पुढे गेलं असेल किंवा बिलिरुबिन २ च्या वर असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. जेवण नकोसं वाटणं, मळमळ, अंगाला खाज, लघवी काळ्या चहासारखी, शौच पांढुरकी, डोळे पिवळे, यातलं काही दिसलं तर रिपोर्टचीही वाट बघू नका. माणूस बरळायला लागला, दिवसा झोपेत राहू लागला किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तर रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात न्यायचं, तुम्हाला मिरज जवळच आहे. जाताना तिन्ही बाटल्या-पुड्या पिशवीत घालून न्या. 'काहीतरी आयुर्वेदिक घेत होते' एवढ्यावर डॉक्टरांना काही करता येत नाही. लेबल, बॅच नंबर आणि कधी सुरू केलं ती तारीख लागते. औषधाने त्रास झाल्याची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर तुम्हाला स्वतःलाही करता येते.

'आयुर्वेदिक म्हणजे अपाय नाही' हे आयुर्वेदालाच मान्य नाही, नाहीतर अनुपान (औषध कशाबरोबर घ्यायचं), मात्रा आणि पथ्य यांच्यावर ग्रंथांत एवढी पानं खर्ची पडली नसती. उदाहरण घ्यायचं तर यकृतावर नेहमी दिली जाणारी आरोग्यवर्धिनी वटी. तिच्यात कुटकीबरोबर शुद्ध पारा, गंधक, लोह, अभ्रक आणि ताम्र भस्मही असतं. वैद्य ती मोजून, ठरावीक दिवसांसाठी देतात. दुकानातून डबी आणून वर्षभर खाणं हा वेगळाच प्रकार. अमेरिकेत २००८ साली इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली, तर साधारण पाचांतल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं.

लेबल वाचायची सवय लावा. औषध असेल तर त्यावर आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक आणि प्रत्येक ५ मिलीत काय किती ते असतं. कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीतलं काही असेल तर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापणं बंधनकारक आहे. तुमच्या कॅप्सूलवर बहुधा १४ अंकी अन्न परवाना क्रमांक असेल आणि बारीक अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' असं लिहिलेलं असेल. समोरच्या बाजूला यकृताचं चित्र आणि मागच्या बाजूला हे वाक्य! त्या क्रमांकाचा अर्थ कुणी तिचा यकृतावरचा परिणाम तपासलाय असा नाही. आणि 'डिटॉक्स' लिहिलं असेल तर कुठलं विष बाहेर काढणार त्याचं नाव डबीवर शोधा. सापडणार नाही.

मिस्टर तरीही ऐकत नसतील आणि काहीतरी घ्यायचंच म्हणत असतील, तर बीएएमएस झालेल्या वैद्यांना सगळे रिपोर्ट दाखवून, एका वेळी एकच, भस्म नसलेलं औषध, आणि चौथ्या व बाराव्या आठवड्याला तपासणी. सुटी पुडी, लेबल नसलेली बाटली, 'आमच्या घराण्यातलं गुपित' याला सरळ नाही. घरातल्या ब्लड प्रेशरच्या, साखरेच्या गोळ्या यासाठी बंद करायच्या नाहीत. कोलेस्टेरॉलची गोळी फॅटी लिव्हरमध्ये चालत नाही हाही गैरसमज आहे, चालते.

पैसे वाचतील ते कुठे घालायचे? यकृतात चरबी साचवण्यात आपल्या भागातल्या 'चांगल्या' पदार्थांचा हात मोठा आहे. यकृताला थंड म्हणून उसाचा रस: २५० मिलीच्या ग्लासात ३० ग्रॅमहून जास्त साखर. ताकदीला म्हणून मूठभर तासगावचे बेदाणे: सुकवलेली साखरच. साखरेऐवजी गूळ: यकृताला फरक कळत नाही. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे, हे ४० ते ५० ग्रॅम. आधी चहातली साखर एक चमचा करा, दोन आठवड्यांनी अर्धा. संध्याकाळचं भडंग रोजच्याऐवजी रविवारी. ताटात भाकरी दोनऐवजी दीड, उसळ दुप्पट, काकडी-मुळा आधी. चालणं आठवड्याला १५० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल इतकं, सकाळी आमराईत किंवा घाटावर. आठवड्यातून दोन दिवस बैठका आणि दंड. बिनसाखरेची कॉफी दोन-तीन कप पिणाऱ्यांची यकृतं जरा बरी दिसतात, आवडत असेल तर चहाच्या जागी घ्या, नावड असेल तर मागे लागू नका. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी बारा आठवड्यांत सहा किलो होतात. त्याहून घाई करू नका, उपासाने भराभर वजन उतरवलं तर यकृताची सूज उलट वाढू शकते.

दारूचा तुम्ही उल्लेख केला नाहीत. नसेल तर उत्तम. 'कधीमधी' असेल तर मोजा: १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. चरबी असलेल्या यकृताला त्याची सुरक्षित मात्रा अशी नाही.

राहिला घरातला प्रश्न. सासूबाईंना 'काढा विषारी आहे' असं सांगू नका. त्यांनी काळजीपोटी केलंय, आणि त्यांची सकाळची जबाबदारी काढून घेतली तर ती जागा रिकामी राहते. काढ्याच्या वेळेला बिनसाखरेचं ताक किंवा मोड आलेल्या मटकीची वाटी त्यांच्याच हातून जाऊ द्या. दिरांना सांगा, बारा आठवडे फक्त पथ्य, बाटली कपाटात. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी वजन आणि बेंबीच्या रेषेत कमरेचा घेर मापून कॅलेंडरवर लिहायला त्यांनाच बसवा, भाऊ भावाचं ऐकेल. पुरुषांत घेर ९० सेंटीमीटरच्या आत यायला हवा. तपासणी त्याच प्रयोगशाळेत करा आणि आधीचे दोन-तीन दिवस जड व्यायाम नको. वजन पाच-सहा किलो उतरूनही एसजीपीटी हललं नाही, तर थायरॉइड आणि स्वप्रतिकार आजारांच्या तपासण्या पुढे लागतील. त्या तज्ज्ञांना ठरवू द्या.